टोळीतली बाई शिकवा, आणि तिला कागद द्या



अग्निप्रदीपनाची तारीख ठरली की कारखान्यात कागद तपासण्याची एकच गडबड उडते. बॉयलरवर जो माणूस उभा राहणार त्याच्याकडे बॉयलर अटेंडंटचे सर्टिफिकेट आहे की नाही, ते आधी पाहिले जाते. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, आणि तो नसला तर आपणच सर्वसाधारण सभेत उठून आरडाओरड करतो, ते योग्यच आहे. लॅबमधला केमिस्ट शिकलेला लागतो. इतकेच काय, १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी घालून दिली, आणि ती पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात असावी असेही लिहून ठेवले. ५०० च्या वर कामगार असतील तर औषधोपचाराची वेगळी खोली. ते जुने कायदे आता नव्या संहितांत गेले, पण पेटी आणि पेटीवरचा शिकलेला माणूस ही रीत कारखानदारीत पक्की झाली आहे.

हे सगळे गेटच्या आतले. गेटच्या बाहेर, जिथे आपला ऊस उभा आहे तिथे, पेटी कुणाकडे असते? फडात दहा-बारा कोयते उतरतात, म्हणजे वीस-पंचवीस माणसे, शिवाय त्यांची पोरेबाळे. हातात धारदार हत्यार, पायाखाली पाचट, पाचटाखाली काय असेल त्याचा भरवसा नाही, आणि रात्री जमिनीवर अंथरूण. गेटच्या आत दीडशे माणसांना एक पेटी, आणि बाहेर हजारो माणसांना एकही नाही. कारण कागदोपत्री ती माणसे आपली नाहीत, मुकादमाची आहेत. ऊस मात्र आपला आहे, हे विसरून चालत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: कारखान्याशी करार करणाऱ्या प्रत्येक टोळीतली एक बाई आरोग्याच्या कामासाठी शिकवून तयार करावी, तिची हाताने परीक्षा घ्यावी, आणि ती उतरली तर सरकारी आरोग्य खात्याच्या शिक्क्याचा दाखला तिला मिळवून द्यावा. हा दानधर्म नव्हे, ऊसतोडीच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे. मी डॉक्टर नाही, ऊस लावणारा सभासद आहे. पण या प्रश्नाचा मागोवा घेता जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

कुणी म्हणेल, गावोगाव आशाताई आहे, मग आणखी ही नवी बाई कशाला? आशा स्वयंसेविकेची योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. हजार वस्तीमागे एक, आणि आदिवासी भागात पाड्याच्या हिशेबाने एक. गावातलीच सून, शक्यतो आठवी शिकलेली, ग्रामसभेने निवडलेली. पहिल्या वर्षी टप्प्याटप्प्याने २३ दिवसांचे शिक्षण, मग पुढे नवजात बाळाच्या काळजीचे वगैरे आणखी २० दिवस, चार फेऱ्यांत. बाळंतपण दवाखान्यात झाले तर तिने त्या घरी सहा भेटी द्यायच्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे. योजना चांगली आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ती राबवणाऱ्या बाया तर कमालीच्या आहेत. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गाजली, ती आपण वाचलीच असेल. (कौतुक पुष्कळ झाले. कौतुकाला पैसे पडत नाहीत.)

पण या सगळ्या योजनेत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे माणूस आपल्या गावात राहतो. आपल्या जिल्ह्यात निम्मे वर्ष ते खरे नसते. दसरा-दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडेच्या पाडे रिकामे होतात. कुणी खाली तापीकाठी आपल्याकडे येतात, कुणी थेट सुरत-बारडोलीकडच्या कारखान्यांवर जातात. भाद्रपदात बाळंत झालेली बाई दसऱ्यानंतर बाळ पाठीशी बांधून ट्रकमध्ये चढते. बेचाळिसाव्या दिवशी आशाताई तिच्या दाराशी जाते तर कडी लावलेली. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या टप्प्यांनी द्यायच्या लसी राहून जातात, आणि नववा महिना लागतो तेव्हा ते पोर कुठल्या फडाच्या बांधावर असते ते कुणालाच ठाऊक नसते. गावच्या आशाच्या वहीत ती बाई स्थलांतरित, आणि जिथे पडाव पडला तिथल्या आशाच्या वहीत तिचे नावच नाही. दोन वह्यांच्या मधल्या फटीत माणूस पडतो, तो असा.

म्हणून टोळीबरोबर फिरणारी, टोळीतलीच बाई हवी. ती ट्रकमध्ये बसते तेव्हा दवाखान्याचे पहिले पाऊल तिच्याबरोबर बसते.

आता आपल्याच मुलखातला एक रोग घेतो, म्हणजे शिकण्या-न शिकण्याने काय फरक पडतो ते कळेल. सिकलसेल आपल्या भागाला नवा नाही. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, सगळ्या समाजांत तो आहे. आईबाप दोघांकडून दोष आला तर रोग होतो, एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक राहतो आणि बहुधा ठणठणीत असतो. रक्तातली गोल तांबडी पेशी अशा रोग्याच्या अंगात विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसांत अडकते. सिकल म्हणजे विळाच. ज्याच्या हातात कोयता त्याच्याच रक्तात विळा, असा हा प्रकार. पेशी वाकड्या होण्याला कारणे कोणती? अंगातले पाणी कमी होणे, गारठा, दमणूक, ताप. आता ऊसतोड आठवा. पहाटे चारला दवाने भिजलेल्या उसात उतरायचे, अंग काकडते. दुपारी डोक्यावर ऊन. पाण्याची घागर लांब. दिवसभर वाकून तोड, मोळ्या बांधणे, गाडी भरणे. सिकलसेलच्या माणसाला झटका यायला जे जे लागते ते सगळे आपण एका जागी आणून ठेवले आहे, आणि वरून त्याला उचल फेडायची आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे पाहिले असेल. चांगला पंचविशीतला गडी एकाएकी बांधावर आडवा होतो, हातपाय गच्च धरून कण्हतो. मुकादम म्हणतो, कामचुकार आहे, रात्री प्यायला असेल. दुसऱ्या दिवशी खाडा धरला जातो. गडी दोन दिवसांनी उठतो, पुन्हा तोडायला लागतो, मग म्हणणाऱ्यांना वाटते, पाहा, सोंगच होते. वास्तविक त्याला तेव्हा लागते ते इतकेच: भरपूर पाणी, ऊब, विश्रांती, वेदनेची साधी गोळी. आणि छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा ताप चढला तर ताबडतोब दवाखाना, कारण तिथे उशीर झाला तर माणूस दगावतो. यातले काहीही करायला डॉक्टर असावे लागत नाही. ओळखणारे माणूस जवळ असावे लागते. १ जुलै २०२३ ला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांच्या आतल्यांची तपासणी करून त्यांना कार्ड द्यायचे असे त्यात आहे. चांगले आहे. पण फडात ते कार्ड वाचणार कोण? खिशात कार्ड आणि माथी कामचुकारीचा शिक्का, असे होणार असेल तर कार्डाचा काय उपयोग?

बायांची गोष्ट याहून अवघड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बरे, कारण काय? अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग, अशी सुरुवात होते. वेळेवर साध्या औषधाने बरी होणारी दुखणी. पण फडात आडोसा नाही, पाणी नाही, दवाखान्यात जायचे तर खाडा. दुखणे अंगावर काढता काढता कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो, आणि बाई उचलीतून पैसे काढून ऑपरेशन करून येते. ज्या बाईला ही लाजेची गोष्ट सांगता येईल अशी दुसरी बाई त्या टोळीत असती तर? पुरुषाजवळ ती हे बोलणार नाही, मुकादमाजवळ तर नाहीच नाही.

अशी साधी बाई हे काम करू शकेल का, हा प्रश्न आता उरलेला नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. जामखेड म्हणजे अवर्षणाचा आणि ऊसतोडीला माणसे पाठवणारा तालुका. तिथे त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. कितीतरी जणींना अक्षर येत नव्हते, पुष्कळ दलित समाजातल्या होत्या. त्या जामखेडला येत, मुक्काम करत, थोडे शिकत, गावी जाऊन ते करून पाहत, आणि पुन्हा येत. एकदाच भरपूर शिकवून निरोप द्यायचा नाही, थोडे थोडे आणि सारखे शिकवायचे, ही तिथली रीत. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. चार-सहा-दहा बुके शिकलेल्या बाया. त्यांना नवजात बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे शिकवले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू, शेजारच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली लॅन्सेट या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभरच्या आशाताया ज्या भेटी देतात त्यांचे मूळ गडचिरोलीच्या त्या झोपड्यांत आहे.

पण बाई शिकू शकते एवढ्यावर भागत नाही. योजना का बुडतात तेही पाहिले पाहिजे, नाहीतर आपण उत्साहाने ठराव करू आणि पुढच्या वर्षी पेट्या गोडाऊनमध्ये पडलेल्या सापडतील. जुन्या सभासदांना जनता राजवटीतले आरोग्य रक्षक आठवत असतील. २ ऑक्टोबर १९७७ ला राजनारायण आरोग्यमंत्री असताना ती योजना निघाली. तीन महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात शिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये, आणि नंतर महिना ५० रुपये. कल्पना खोटी नव्हती. पण निवडले गेले बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष आरोग्य रक्षक काय करणार? निवडीत सरपंचाचा पुतण्या, पाटलाचा भाचा असे प्रकार बहुत ठिकाणी झाले. एकदा तीन महिने शिकले ते शिकले, पुन्हा विचारपूस नाही. पन्नास रुपये पन्नासच राहिले. पेटीतली औषधे संपली ती संपली. हळूहळू योजना विरून गेली.

चीनमधली गोष्ट तर आपण सहकारवाल्यांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. तिथे १९६८ च्या सुमारास अनवाणी डॉक्टरांचा गाजावाजा झाला. शेतावरच काम करणारी मुले-मुली, तीन ते सहा महिने शिकलेली, अर्धा दिवस शेतात आणि अर्धा दिवस औषधाची पिशवी घेऊन. त्यांची मजुरी सामुदायिक शेतीच्या हिशेबातूनच निघत असे: औषध दिले तरी कामाचे गुण, खुरपले तरी कामाचे गुण. पुढे सामुदायिक शेती मोडली आणि त्यांच्या मजुरीचा आधार गेला. कुणी शेतीकडे वळले, कुणी औषधे विकू लागले. १९८५ साली सरकारने अनवाणी डॉक्टर हे नावच बंद केले, आणि जे परीक्षा उतरले त्यांना गावडॉक्टर म्हणून कागद दिला. यातून मला दोन गोष्टी दिसतात. असे माणूस टिकते ते त्याची मजुरी धंद्याच्या हिशेबातच धरली तर. आणि धंदा उद्या मोडला तरी त्याच्या हातात स्वतःच्या नावाचा कागद असला पाहिजे.

कागदाबद्दल लोकांची दोन टोकाची मते आहेत. एक म्हणतो, कागदाने काय होते, हात चालला पाहिजे. दुसरा म्हणतो, कागद नसेल तर ती बोगस डॉक्टरच, सुया टोचत फिरेल. दोघांनाही मी आपल्या बेण्याकडे बोट दाखवतो. प्रमाणित बेणे म्हणजे काय? मूलभूत बेण्यावरून पायाभूत, पायाभूतावरून प्रमाणित. मळा आधी तपासतात, गवताळ वाढ, काणी आहे का पाहतात, भेसळ उपटून टाकतात, मग चिठ्ठी लागते. चिठ्ठीने कांडीला कोंब फुटत नाही, हे खरे. पण चिठ्ठीमागे कुणीतरी मळ्यात जाऊन डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून आपण पैसे मोजतो. आणि ते बेणेही तीन-चार वर्षांनी बदलावे लागते. आरोग्याच्या दाखल्याचे अगदी हेच आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांना प्रमाणपत्र देण्याची जी योजना केंद्राने आखली तिच्यात हे शहाणपण दिसते. तिथे नुसती आशा तपासायची नाही, शिकवणारा आणि शिकवण्याची जागा यांचीही तपासणी करून मान्यता द्यायची असे ठरले. मळा आधी, कांडी नंतर.

बोगस डॉक्टरांची भीती घालणाऱ्यांना माझे सांगणे की दाखला हा त्यावरचाच उपाय आहे. बाईने काय करायचे हे जसे त्यावर लिहिता येते तसे काय करायचे नाही हेही लिहिता येते. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, ऑपरेशनचा सल्ला नाही, आणि कुठल्याही दवाखान्याकडून रोगी पाठवल्याचे कमिशन नाही. हे शेवटचे ठळक अक्षरात छापावे.

परीक्षा मात्र लेखी नको. धडगावच्या पाड्यावरची बाई पावरी बोलते, नवापूरची मावची बोलते, तळोदा-अक्कलकुव्याकडची देहवाली. तिच्यापुढे छापील मराठी प्रश्नपत्रिका टाकून दहा मार्कांना नापास करणे म्हणजे शुद्ध अन्याय. तिला म्हणा, ही मिठाची-साखरेची ओआरएसची पुडी, लिटरभर पाण्यात कालवून दाखव. हे बाळ, एक मिनिट त्याचे श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर काय करशील? हा गडी, याच्या पायावर कोयता बसला, रक्त थांबव, आणि पुढे कुठल्या सुईसाठी पाठवशील ते सांग. हिला रात्री झोपेत मण्यार चावली, दात दिसत नाहीत, सूज नाही, पण पापण्या मिटायला लागल्या. आता? चिरायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही, भगताकडे रात्र घालवायची नाही. अवयव हलू न देता गाडीत घालायचे आणि जिथे सर्पदंशाची लस आहे त्या दवाखान्यात न्यायचे. हे ज्या बाईला येते ती उतरली. आकडे ओळखता आले पाहिजेत एवढी अट पुरे, आणि ते आठ दिवसांत येतात.

दुसरे असे की दाखला पहिल्या दिवशी हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात वाटायचा नाही. आधी आठ दिवस शिक्षण, सहा दिवस आरोग्य केंद्रात आणि दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात. मग पेटी घेऊन हंगाम. हंगामात दर पंधरवड्याला बाजाराच्या दिवशी गट ऑफिसात एकत्र यायचे, गेल्या पंधरा दिवसांत काय पाहिले ते बोलायचे, पेटी भरून घ्यायची, नवे काही शिकायचे. जामखेडची रीत. गळीत बंद होताना परीक्षा, आणि मग दाखला. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

निवड कोण करणार? येथे मुकादमाला हात जोडून बाजूला ठेवले पाहिजे, नाहीतर मुकादमाची बायको नाहीतर सून पेटी सांभाळेल, आणि १९७७ ची गंमत पुन्हा होईल. टोळीतल्या बायांनी आपल्यातली निवडावी. त्यांना कुणाजवळ बोलता येते हे त्यांना कळते.

पैशाचा मुद्दा लपवण्यात अर्थ नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, आणि त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे, सरकारने तितकीच भर घालायची असे ठरले. ज्या सभासदाचा १०० टन ऊस जातो त्याच्या उसामागे हे हजार रुपये झाले. कारखाना भरतो असे म्हटले तरी शेवटी ते उसाच्याच पैशातून जातात. मग ते आपल्या फडात दिसावेत अशी मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही? बायांच्या शिक्षणाचा आणि पेटीचा खर्च या निधीतून मागावा. एकच खर्च आपण स्वतः उचलावा: त्या बाईने ज्या दिवशी रोग्याला दवाखान्यात नेले किंवा शिक्षणाला आली, त्या दिवशी तिचा खाडा धरायचा नाही, तोडीचा भाव तिला मिळालाच पाहिजे. मुकादमाच्या हिशेबात तो कारखान्याने भरून द्यावा. फुकटच्या सेवेवर कुणालाही राबवू नये. देशातल्या आशांना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सन्मान दिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या राज्यातल्या त्याच आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. पाच हजारांच्या वाढीचा सरकारी आदेश हातात पडायला त्यांना २०२४ चा मार्च उजाडला, तोवर आझाद मैदानावर बसावे लागले. तो धडा आपण गिरवायचे कारण नाही.

काही सभासद म्हणतात, आता तोडणीची यंत्रे आली, चार-पाच वर्षांत कोयताच राहणार नाही, मग हा खटाटोप कशाला. यंत्र येत आहे, खरे आहे. पण पाच फुटी सरी नाही, दोन-दोन एकरांचे तुकडे, ओली काळी जमीन, अशा किती शेतांत ते फिरते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. आणि यंत्र आले तरी ती बाई डोंगरात परत जाईल तेव्हा दाखला तिच्याबरोबर जाईल. पाड्यावर आशाची जागा निघाली तर ती कामाची ठरेल. म्हणूनच दाखल्यावर कारखान्याचा शिक्का नको, आरोग्य खात्याचा हवा, म्हणजे तो नंदुरबारला चालेल आणि सुरतेकडेही कुणी विचारले तर दाखवता येईल.

यात गावच्या आशाताईला विसरायचे नाही. टोळी निघताना तिने गरोदर बाया, सहा महिन्यांच्या आतली पोरे, सिकलसेलची माणसे यांची यादी टोळीच्या बाईकडे द्यावी, माता-बाल कार्डे सोबत पाठवावीत. टोळी जिथे पडाव टाकेल तिथल्या आशाला शेतकी खात्याच्या चिटबॉयने दुसऱ्या दिवशी कळवावे, की अमक्या शिवारात टोळी उतरली, इतक्या बाया, इतकी पोरे. चिटबॉय नाहीतरी फडावर जातोच. लागवडीच्या नोंदीत आपल्या उसाची जात, तारीख, सर्व्हे नंबर सगळे असते. टोळीतल्या बाळांची नोंद ठेवायला आणखी एक रकाना पाडला की झाले.

शेतकी कचेरी टोळ्यांचे करार सध्या करते आहे. पहिल्याच वर्षी सगळ्या टोळ्या होणार नाहीत, झेपणारही नाहीत. सातपुड्यातून आपल्याकडे उतरणाऱ्या टोळ्यांतल्या वीस बाया घेऊन सुरुवात करावी, आणि शिक्षण दसऱ्याच्या आधी उरकावे, कारण उचल हातात पडली आणि ट्रक लागला की मग कुणाला सवड नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कारखान्यातर्फे पत्र देऊन शिकवणारे आणि परीक्षक त्यांच्याकडूनच मागावेत. या आशयाचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्यासाठी मी मुदतीत लिहून दिला आहे. ज्या सभासदांना तो पटत असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात अनुमोदनाच्या कागदावर सभासद क्रमांकासह सही करावी. ज्यांना पटत नसेल त्यांनी सभेत उठून जरूर बोलावे, फक्त खर्चाचा आकडा विचारताना गेल्या हंगामात तोडणीअभावी फडात किती दिवस ऊस वाळला तो आकडाही कचेरीतून बरोबर आणावा.